लेकीच्या मांजरानं आणलेला एवढासा मोल : वाढतो किती, जगतो किती, पिल्लं किती?

कंदीपेढा (सातारा)

नमस्कार मंडळी. आमची लेक ओरेगॉनला असते, पोर्टलंडच्या जरा बाहेर, घरामागं सगळं झाडीचं रान आणि वर्षातले कितीतरी महिने पावसाची रिपरिप. परवा तिच्या मांजरानं पायपुसण्यावर एक मेलेला जीव आणून ठेवला. खाल्ला नाही, नुसता ठेवला. तिनं फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून आमच्यात पार्ट्या पडल्यात. आमची ही म्हणते चिचुंद्री, मेहुणे म्हणतात उंदराचं पिल्लू, आणि जावईबापूंनी तिकडं कुणाला दाखवला तर ते म्हणाले श्रू-मोल, अमेरिकेतला सगळ्यात लहान मोल. (मोल म्हणजे जमिनीत भुयारं खणून राहणारा केसाळ छोटा प्राणी, इंग्रजीत mole.)

फोटो इथं चढेना म्हणून वर्णन देतो. शेजारी चहाचा चमचा ठेवलाय, शेपटी धरून त्या चमच्याएवढाच भरतोय. काळपट राखाडी रंग, मखमलीसारखी लव, लांब नाक आणि नाकाचं टोक उघडं गुलाबी. डोळे शोधावे लागतात, कान तर दिसतच नाहीत. पुढच्या पायाची नखं अंगाच्या मानानं लांब. शेपूट जाड आणि तिच्यावर ताठ केस.

तर हा पूर्ण वाढलेला असेल का? असले जीव जगतात किती? आणि वर्षाला पिल्लं किती होतात? ग्रुपवर रोज भांडणं चालू आहेत, जाणकारांनी एकदा काय ते सांगून टाका.

फडकरी (ता. वाळवा)

काका ती चिचुंद्रीच हाय बघा. आमच्या उसाच्या खोडव्यात पाचटाखाली लै असत्यात. पाचट उचललं की चिक चिक करत पळत्यात आणि वास असा मारत्यात की दिवसभर हाताचा जात न्हाय. मांजरानं खाल्लं न्हाय म्हणताय ना, आमचं बी मांजर चिचुंद्री मारतंय पण तोंड लावत न्हाय. अमेरिकेत काय वेगळी असणाराय.

भडंगप्रेमी (सांगली)

भावा वेगळी असते की. तिकडच्या चिचुंद्रीला व्हिसा लागतो 😄

कृष्णा_कोयना (कऱ्हाड)

कंदीपेढा काका, जावई बरोबर आहेत. मी प्राणिशास्त्र शिकवते, वर्णन वाचल्यावर शंका उरली नाही. बाहेरचे कान नाहीत, जाड शेपटीवर ताठ केस, लांब नखं आणि ओरेगॉन, हे सगळं जुळलं की तो श्रू-मोलच. न्यूरोट्रायकस गिब्सी त्याचं शास्त्रीय नाव. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून खाली कॅलिफोर्नियाच्या मधल्या पट्ट्यापर्यंत, पॅसिफिक किनाऱ्याच्या ओल्या जंगलात राहतो, जगात बाकी कुठं नाही.

चमच्याएवढा आहे म्हणजे पूर्ण वाढलेला. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत १० ते १२ सेंटीमीटर, त्यातही तिसरा हिस्सा शेपूट. वजन १० ग्रॅमच्या आसपास. दहा ग्रॅम म्हणजे तुमचा एक पेढासुद्धा त्याच्यापेक्षा जड भरेल. युरोपातला नेहमीचा मोल ७० ते १३० ग्रॅमचा असतो, त्याच्यासमोर हा अगदीच चिमुरडा.

फडकरी भाऊ, तुमच्या पाचटाखालची ती चिचुंद्रीच, त्यात वाद नाही. पण तिचे कान दिसतात, शेपूट मुळाशी जाड आणि टोकाला निमुळती असते, आणि पुढचे पाय उकरायला बनलेले नसतात. मोल आणि चिचुंद्री चुलत घराणी म्हणा हवं तर. उंदीर मात्र दोघांच्याही भावकीत येत नाही, तो कुरतडणारा प्राणी. मोल आणि चिचुंद्री किडे, अळ्या, गांडुळं खाणारे. तुमच्या मेहुण्यांना सांगा, दात बघा. उंदराला पुढं कुरतडायचे मोठे दात आणि मग मधे मोकळी जागा असते, ह्यांच्या तोंडात बारीक टोकदार दातांची सलग रांग असते.

श्रू-मोलची गंमत म्हणजे तो पक्का भुयारी नाही. बाकी मोलचे पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद आणि बाहेर वळलेले असतात, त्यांना जमिनीवर सरळ पाय टेकता येत नाही. ह्याचे पंजे अरुंद, ते खाली दुमडून चालतो, पळतो, छोट्या झुडपावर चढतोसुद्धा. पालापाचोळ्याखाली उथळ वाटा करतो, मातीचे ढीग बिलकुल घालत नाही. डोळ्यांना फार काही दिसत नाही म्हणून चालताना नाक जमिनीवर सतत टकटक आपटत जातो, जरा इकडं टक, जरा तिकडं टक, गांडूळ लागलं की खलास. दिवस असो रात्र असो, थोडं खायचं, काही मिनिटं झोपायचं, परत उठून खायचं. असल्या लहान जिवाला बराच वेळ उपाशी राहणं परवडतच नाही, अंगाची उष्णता झपाट्यानं निघून जाते.

पिल्लांचं म्हणाल तर फेब्रुवारी ते सप्टेंबर असा लांबलचक हंगाम, एका वेताला १ ते ४ पिल्लं. जन्मताना उघडी, आंधळी, इंचभर लांब आणि एक ग्रॅमपेक्षाही कमी वजनाची. घरटं कुजक्या बुंध्यात नाहीतर पाल्याखाली. पुढचं संध्याकाळी लिहिते, पेपर तपासायचेत.

पाटणची_पोर

एक ग्रॅमपेक्षा कमी??? म्हणजे शेंगदाण्याच्या दाण्यापेक्षा पण कमी की

मिरज_जंक्शन

मॅडम मस्त माहिती. मोल म्हटलं की मला इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम आठवतो. ह्याचा घोडा मोलनं उकरलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर अडखळला, राजा पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं आणि पुढं त्यातच आजारी होऊन १७०२ ला मेला. त्याच्या विरोधकांनी मग काय केलं, त्या मोलच्या नावानं दारूचे प्याले उंचावायला सुरुवात केली, काळ्या मखमलीतले छोटे महाशय म्हणून. आता १७०२ म्हणजे इकडं ताराराणी औरंगजेबाला सह्याद्रीत फिरवत होत्या. कुणाला काय पाडेल सांगता येत नाही.

फडकरी

मॅडम ह्यो मोल अळ्या खातो म्हणालात, मग हुमणी खाईल का ओ? असंल तर चार नग पाठवायला सांगा काकांच्या लेकीला. वळीव झाला की हुमणीचे भुंगेरे कडुलिंबावर बाभळीवर गोळा हुत्यात, आम्ही रात्रीचं प्रकाश सापळे लावतो, फांद्या हलवून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकतो, तरी ऑगस्ट सप्टेंबरला ऊस पिवळा पडतोच आणि उपटला की खाली मुळंच नसत्यात, हुमणीनं खाल्लेली. औषधाचा खर्च सांगत न्हाय, बायको वाचती हितं.

कृष्णा_कोयना

फडकरी भाऊ 😀 युरोपातला मोठा मोल भुंगेऱ्यांच्या अळ्या खातो, आपली हुमणी असते तसल्याच जाड पांढऱ्या अळ्या. पण त्याचा मुख्य घास गांडूळ. आणि भूक अशी की दिवसाला जवळजवळ निम्म्या वजनाचं खातो. गांडुळाचं डोकं चावून ठेवतो, ते मरत नाही पण पळूही शकत नाही, असली गांडुळं बिळातल्या कोठारात शेकड्यांनी साठवतो, थंडीत जमीन गोठली की उपयोगी पडतात. आता तुमच्या रानातली गांडुळं संपवलेली चालणारेत का?

फडकरी

नको नको. गांडूळ खत इकत आणून टाकतोय आम्ही. ऱ्हाऊ द्या तिकडंच.

भडंगप्रेमी

व्हिसा रिजेक्ट

मिरज_जंक्शन

भारतात मोल आहेच कुठं?

कृष्णा_कोयना

आहे, पण आपल्याकडं नाही. दार्जिलिंग, सिक्कीमच्या बाजूला हिमालयी मोल आहे, आणि आसाम, ईशान्येकडं पांढऱ्या शेपटीचा मोल. दख्खनच्या पठारावर एकही जात नाही. सातारा सांगलीत कुणी मोल दिसला म्हणालं तर चिचुंद्री, घूस नाहीतर शेतातला उंदीर समजायचं.

आता काकांचा दुसरा प्रश्न, जगतात किती. ह्यातला सगळ्यात नीट अभ्यासलेला म्हणजे युरोपातला मोल, म्हणून त्याचं सांगते. नशीबवान असेल तर तीनेक वर्षं, फारच झालं तर सहा. वर्षातून साधारण एकच वेत. एरवी मोल एकटा राहतो, दुसरा मोल बिळात आला की मारामारी. वसंतात मात्र नर स्वतःचं राज्य सोडून सरळ रेषेत लांबच लांब भुयारं खणत सुटतो, मादी सापडेपर्यंत. गर्भ चार आठवड्यांचा. पिल्लं तीन चार, प्रत्येक साडेतीन ग्रॅमच्या आसपास. डोळे तीन आठवड्यांनी उघडतात, चार पाच आठवडे दूध, आणि पाच सहा आठवडे झाले की आई हाकलून देते. हाकलते म्हणजे अक्षरशः. आणि सगळ्यात जास्त मरतात ती तेव्हाच, कारण नवी जागा शोधायला जमिनीवरून जावं लागतं आणि तिथं घुबड, कोल्हा, मांजर टपलेलेच असतात.

अजून एक भन्नाट गोष्ट, मोलच्या मादीत अंडाशयाला चिकटून वृषणासारखा भाग असतो, त्यातून नराचं हार्मोन भरपूर तयार होतं. त्यामुळं मादी नराइतकीच दणकट आणि भांडखोर, आणि तरीही पिल्लं घालते. २०२० मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी स्पेन पोर्तुगालकडच्या मोलचा जीनोम (जनुकांचा अख्खा संच) वाचून ह्यामागं कोणते बदल आहेत ते दाखवलं. दिवसभर माती उपसायची म्हणजे बाईमाणसाला पण दंड लागणारच.

पाटणची_पोर

आमच्या आजीचं हेच म्हणणं असतं 😂 भातलावणीला आली की कळतं म्हणते

कंदीपेढा

मॅडम खूप खूप आभार, प्रिंट काढून मेहुण्यांच्या पुढ्यात ठेवतो. एक विचारतो, एवढासा जीव म्हणून आयुष्य कमी, हे बरोबर ना? म्हणजे हत्ती साठ सत्तर वर्षं, बैल वीस, मांजर पंधरा, उंदीर दोन. जेवढं लहान तेवढं लवकर आटोपायचं असा हिशेब.

कृष्णा_कोयना

काका ढोबळमानानं बरोबर, पण अपवाद इतके भारी आहेत की हिशेब मोडतो. हे बघा.

आपली घरातली चिचुंद्री, मादी ३० ते ४० ग्रॅमची, नर त्याहून थोराड. आयुष्य दीड दोन वर्षं.

पूर्व आफ्रिकेत, केनिया इथिओपिया सोमालियात, केस नसलेला मोल-रॅट आहे. नावात मोल असला तरी तो कुरतडणारा प्राणी, आपल्या उंदराच्या बाजूचा. वजन तेवढंच, ३० ३५ ग्रॅम. आयुष्य तीस वर्षांच्या वर! त्यांच्यात मधमाश्यांसारखी एकच राणी पिल्लं घालते, एका वेताला डझनभर, बाकी सगळे नोकरचाकर.

आणि सैबेरियात ब्रँड्टचं वटवाघूळ, वजन जेमतेम ७ ग्रॅम म्हणजे तुमच्या श्रू-मोलपेक्षाही हलकं. ओळखीची कडी लावून सोडलेलं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी परत जिवंत सापडलं.

म्हणजे नुसतं आकारावर नाही. ज्याला रोज कुणीतरी खायची भीती आहे त्याला म्हातारपणासाठी शरीर जपून काही फायदा नसतो, लवकर वयात यायचं, पटापट पिल्लं घालायची आणि मोकळं व्हायचं. जो उडून जाऊ शकतो किंवा बिळात बंदोबस्तात राहतो त्याला टिकाऊ शरीर परवडतं, पिल्लं सावकाश झाली तरी चालतात.

मिरज_जंक्शन

मॅडम इथं माझी एक शंका. मोल पण जमिनीखालीच राहतो ना, मग तो का नाही तीस वर्षं जगत? बंदोबस्त तर त्याचा पण आहे.

कृष्णा_कोयना

चांगली शंका काढलीत. एकट्या भुयारानं भागत नाही. मोल-रॅटचं मोठं कुटुंब असतं, सत्तर ऐंशी जण, खणायला, पहारा द्यायला, पिल्लं सांभाळायला माणसं वाटून दिलेली. अंगाचं तापमान ३२ अंशांच्या आसपास, सस्तन प्राण्यात फारच कमी, शरीरातलं ऊर्जा जाळणं मंद. कंद कुरतडत निवांत बसायचं. मोल एकटा, रोजचं भुयार रोज स्वतः फिरायचं, गांडुळं पडलीत का बघायची, काही तास खाल्लं नाही तर जिवावर बेततं. शिवाय लहानपणी एकदा उघड्यावरून जावंच लागतं. चिचुंद्रीपेक्षा थोडा जास्त जगतो, वर्षाला तीन चार पिल्लांवर भागवतो, म्हणजे मधल्यामधे बसतो असं म्हणा.

फडकरी

मंजे उंदराचं काय, त्यो पण बिळातच की. आमच्या बांधाला बिळाच्या तोंडावर मातीचे हे एवढाले ढीग घालतो आणि आत गेला की मागनं मातीनं दार बंद.

कृष्णा_कोयना

ते बंद दार म्हणजे लहान घूस, शेतातली. अगदी मोलसारखे ढीग घालते म्हणून इंग्रज तिला भारतातला मोल-रॅट म्हणायचे. तिचा हिशेब एकदम उलटा. गर्भ तीन आठवड्यांचा, वेताला सहा आठ पिल्लं, आणि एक वेत झालं की लगेच दुसरं पोटात. बिळात धान्याची कोठारं भरलेली. घुबड, साप, मुंगूस, तुम्ही, सगळे मागं लागलेले असतात म्हणून ती संख्येवर टिकते. तुम्ही शंभर मारा, रान भरायला वेळ लागत नाही.

आणि एक विनंती, घुशीसाठी झिंक फॉस्फाईडचं विष लावलेले दाणे घरात, गोठ्यात चिचुंद्रीसाठी टाकू नका. ती दाणे खाणारी नाही, झुरळं, रातकिडे, अळ्या खाते. तिच्या नावानं टाकलेलं कोंबड्या आणि कुत्री खातात.

सांगलीवाडीची_सून

मी नेहमी नुसती वाचते पण चिचुंद्रीचा विषय निघाला म्हणून लिहिते. २०१९ च्या पुरात पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही सगळे वरच्या माळ्यावर होतो, सासूबाई, मुलं, दोन ट्रंका आणि गॅसची टाकी. लाईट गेलेली. बॅटरीच्या उजेडात भिंतीच्या कडेनं काहीतरी लांबलचक सरकताना दिसलं, मला वाटलं सापच आला पाण्यातनं, मी मुलांना मागं ओढलं. नीट बघितलं तर चिचुंद्री, आणि तिच्या शेपटीच्या मुळाशी दातानं धरून एक पिल्लू, त्याच्या मागं दुसरं, त्याच्या मागं तिसरं, त्याच्या मागं चौथं. आई वळली की सगळी रांग वळायची, आई थांबली की मागचं पिल्लू पुढच्यावर आदळायचं. शेवटच्याचे मागचे पाय घसरत होते पण दात सोडले नाहीत त्यानं. सासूबाई म्हणाल्या लक्ष्मी आहे, मारू नका. मारायचं कुणाच्या मनात होतं, पुरात सगळेच पाहुणे.

हे ती नेहमी करतात की घाबरल्यामुळं?

कृष्णा_कोयना

वा, किती छान बघायला मिळालं तुम्हाला! नेहमीची सवय आहे ती. गर्भ महिनाभराचा, पिल्लं बहुतेक वेळा तीन, क्वचित आठपर्यंत. आठवडाभराच्या आत ती रांग धरायला लागतात. घरटं बिघडलं, ओलं झालं, कुणी हात लावला की आई त्यांना अशी दुसरीकडं हलवते. पकड इतकी घट्ट की आईला उचललं तर सगळी माळ उचलली जाते. तीन आठवड्यांपर्यंत हे चालतं, दूध सुटलं की रांगही सुटते, आणि महिना सव्वा महिन्यात ती स्वतः वयात येतात. आपल्या हवेत बारा महिने पिल्लं होऊ शकतात.

आणि अजून एक, उंदराला उलटी करता येत नाही, चिचुंद्रीला येते. त्यामुळं मळमळ, उलटीवरच्या औषधांची तपासणी करायला जपानमधल्या प्रयोगशाळांनी ती पाळली.

भडंगप्रेमी

मग सगळ्यात लहान कोण मॅडम? हा काकांचा मोल का?

कृष्णा_कोयना

नाही. वजनानं सगळ्यात लहान सस्तन प्राणी म्हणजे पिग्मी चिचुंद्री, सुन्कस एट्रस्कस, घरच्या चिचुंद्रीची सख्खी नात्यातली. वजन दोन ग्रॅमच्या आत, अंग चार सेंटीमीटरच्या आसपास. भूमध्य समुद्रापासून भारतापर्यंत पसरलीये. हृदय मिनिटाला हजार ते दीड हजार ठोके. रोज स्वतःच्या वजनाच्या दीड दोन पट खाते. गर्भ चार आठवड्यांचा, पिल्लं दोन ते सहा, जन्मताना एकेक ०.२ ग्रॅमचं. ते वजन करायला सोनाराचा काटा लागेल.

भडंगप्रेमी

मिनिटाला दीड हजार!! माझी एमआयडीसीतली मोटर एवढ्या आरपीएमला फिरते

कंदीपेढा

लेकीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते मांजर गेल्या वर्षी पण असलेच दोन आणून टाकायचं, तिला वाटायचं उंदीर. आता तिकडं पिल्लांचे दिवस चालू आहेत म्हणताय तर मांजराच्या गळ्यात घुंगरू बांधावं का? की त्याचा उपयोग नाही?

कृष्णा_कोयना

काका, घुंगरानं थोडाफार फरक पडतो, पण पहाटे आणि संध्याकाळी मांजर घरात ठेवलं तर जास्त. आणि कुंपणाकडचा पालापाचोळा, कुजके ओंडके साफ करू नका म्हणावं, त्यांचं घर तेच. हा मोल लॉन खराब करत नाही, ढीग घालत नाही, तिला त्याचा काडीचा त्रास नाही.

फडकरी

मॅडम शेवटचं. घुशीला बिळात धूर केला तर जमतं का, का नुसतं पाणी सोडू? कालपासनं पाटाचं पाणी आलंय.

मिरज_जंक्शन

फडकरी, घुशीसाठी शेतीच्या विभागात वेगळा धागा काढा की राव, तिथं जाणकार शेतकरी बसलेत, इथं काकांच्या मोलचं चाललंय.

फडकरी

काढतो. मॅडम तिकडं पण या.